वर्दी कोणास द्यावी?

दोष नोंदविणें आणि तो ज्याच्या हातून दूर व्हावयाचा त्याला कळविणें, ह्या दोन गोष्टी एकच आहेत असें आपण सहज धरून चालतों. कचेरींतील तक्रारवहींत तक्रार लिहिली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें लिहिणारास वाटतें. आणि ती वही कोणी उघडलीच नाहीं, तर काम न केल्याचा बोलही कोणाला लागत नाहीं. तक्रार असते, तिला क्रमांक असतो, तारीख असते. नसतो तो फक्त ऐकणारा. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींजवळही अशीच एक वही असते. तिला ते ‘इश्यू ट्रॅकर’ म्हणतात; आपण दोषवही म्हणूं. तिच्यांत नवी नोंद झाली म्हणजे संबंधितांना ईमेलनें वर्दी जाते. ही वर्दी कोणास जावी, केव्हां जावी आणि केव्हां जाऊं नये, हें आज एका कोष्टकांत चार खुणा करून ठरवितां येतें. पण तें कोष्टक तयार होण्यास बरींच वर्षें लागलीं, आणि त्यांतील प्रत्येक घराआड कोणाची तरी अडचण उभी आहे. त्या कोष्टकाचा इतिहास, श्रोते हो, मी आज आपणांस सांगणार आहें.

१९४७ सालच्या ९ सप्टेंबर रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें बांधलेल्या ‘मार्क टू’ ह्या संगणकाच्या एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. यंत्र तपासणारांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि ‘बग’ प्रत्यक्ष हातीं लागल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची टीप खालीं लिहिली. यंत्रांतील दोषाला ‘बग’ म्हणण्याची रूढि त्याहून पुष्कळ जुनी. एडिसननें तो शब्द १८७८ सालच्या एका पत्रांत वापरला होता. म्हणूनच त्या टिपेंत विनोद होता. ती वही आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें मात्र पतंगापेक्षां वहीच अधिक महत्त्वाची. यंत्रावर राबणारे लोक थोडे होते आणि ते तीच वही लिहीत व तीच वाचीत. लिहिणारा आणि वाचणारा एकाच खोलींत असले, म्हणजे निराळी वर्दी द्यावी लागत नाहीं.

पुढें संगणक अनेक झाले, ते तारांनीं जोडले गेले, आणि वही एकीकडे व माणसें दुसरीकडे अशी स्थिति आली. १९७१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें बीबीएन ह्या संस्थेंत काम करणाऱ्या रे टॉम्लिन्सननें आर्पानेट ह्या जाळ्यावरून एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत पत्र पाठविलें. गंमत अशी कीं, तीं दोन्ही यंत्रें शेजारीं शेजारींच उभीं होतीं. माणसाचें नांव आणि त्याच्या यंत्राचें नांव ह्यांच्यामध्यें ‘ॲट’चें चिन्ह घालण्याची पद्धति त्यानेंच पाडली. १९८२ सालीं जॉन पोस्टेलनें ह्या टपालाच्या वाहतुकीचे नियम एसएमटीपी ह्या नांवानें प्रसिद्ध केले, आणि सुधारलेल्या स्वरूपांत ते आजही चालू आहेत. नोंदवही वाट पाहते; पत्र दार ठोठावतें. वहींतील नोंद पत्रानें कळवावी, ही ह्यापुढची सहज पायरी होती.

परंतु दाराची कडी वाजलेली प्रत्येकाला प्रत्येक वेळीं आवडते असें नाहीं, हेंही लवकरच ध्यानांत आलें. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत जॉन फोडेरारो ह्यानें ‘बिफ’ नांवाची एक लहानशी आज्ञावली लिहिली. पत्र आलें कीं, हातचें काम चालू असतांनाच ती पडद्यावर तसें सांगे. बिफ हें नांव तेथें सर्वांच्या परिचयाच्या असलेल्या एका कुत्र्याचें. तो पोस्टमनवर भुंकत असे ही कथा मात्र मागाहून रचलेली आहे. ‘बिफ वाय’ असें लिहिलें कीं वर्दी चालू, ‘बिफ एन’ असें लिहिलें कीं बंद! एवढ्याशा सोयींत एक मोठें तत्त्व होतें. वर्दी पाठविणें हा पाठविणाराचा अधिकार असला, तरी ती आतां ऐकावी कीं मागाहून, हें ऐकणारानें ठरवावयाचें.

पत्र हीच वही, अशी व्यवस्था मोठ्या कसोशीनें लावली ती डेबियनच्या मंडळींनीं. डेबियन ही लिनक्सवर उभारलेली विनामूल्य प्रणाली इयन मर्डॉकनें १९९३ सालीं सुरू केली. तिचें काम देशोदेशींचे स्वयंसेवक आपापल्या घरून करतात. त्यांना एकत्र बसविणारी कचेरी नाहीं आणि हजेरी घेणारा साहेबही नाहीं. १९९४ सालीं इयन जॅक्सननें ह्या मंडळींसाठीं दोषवही तयार केली. तींत तक्रार लिहावयाची म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर एक साधें पत्र टाकावयाचें. पत्राला क्रमांक मिळतो, त्याची पोंच लिहिणाराकडे परत येते, आणि प्रणालीचा तो भाग ज्यानें अंगावर घेतला असेल त्याच्याकडे प्रत जाते. प्रत्येक क्रमांकाला स्वतःचा पत्ता असतो. त्या पत्त्यांत ‘डन’ हा शब्द जोडून पत्र पाठविलें कीं तक्रार मिटल्याची नोंद होते. परंतु तेंच पत्र मूळ तक्रारदाराच्या हातींही पडतें. तेव्हां तक्रार कां मिटविली, हें त्याला समजेल अशा शब्दांत सांगणें भागच पडतें. ‘क्वाएट’ हा शब्द जोडला तर मजकूर वहींत जमा होतो, पण कोणाच्याही दारीं जात नाहीं. तिसऱ्याच कोणाला त्या तक्रारीचा मागोवा घ्यावयाचा असेल, तर त्यानें ‘सबस्क्राइब’ जोडून पत्र पाठवावें. मात्र त्याचा होकार पुन्हा पत्रानें आल्याखेरीज त्याचें नांव यादींत चढत नाहीं, म्हणजे दुसऱ्याच्या नांवें खोडसाळपणा करतां येत नाहीं. आपल्या प्रणालींतील दोष आम्ही लपविणार नाहीं, असें वचन ह्या मंडळींनीं १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारांत दिलें, आणि ही वही सर्व जगाला उघडी ठेवली. तिच्यांतील क्रमांक आतां दहा लाखांच्या पुढें गेला आहे.

पण पत्रें यंत्रें लिहूं लागलीं कीं एक निराळाच घोटाळा संभवतो. समजा, एक गृहस्थ रजेवर गेले आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येक पत्राला ‘मी रजेवर आहें’ असें उत्तर देण्याची आज्ञा त्यांनीं आपल्या संगणकाला देऊन ठेवली आहे. दोषवही त्यांना वर्दी पाठविते. संगणक इमानानें उत्तर देतो. वही तें उत्तर तक्रारीवरील नवा अभिप्राय समजून नोंदविते आणि त्याची वर्दी सर्वांना पाठविते. त्या सर्वांत आपले रजेवरील गृहस्थ आहेतच. पुन्हा उत्तर, पुन्हा नोंद! दोन शहाणे सेवक, दोघेही आज्ञाधारक, आणि सकाळपर्यंत पत्रांचा डोंगर. बर्कलीच्या एरिक ऑलमननें रजेच्या उत्तरांसाठीं ‘व्हेकेशन’ ही आज्ञावली लिहिली, तेव्हां एकाच माणसाला आठवड्यांतून एकदांच उत्तर द्यावें अशी तजवीज तिच्यांत ठेवली. पुढें २००४ सालीं निघालेल्या एका नियमावलीनें, यंत्रानें आपण होऊन लिहिलेल्या पत्राच्या मथळ्यांत ‘ऑटो-सबमिटेड’ ही खूण असावी आणि अशा पत्राला यंत्रानें उलट उत्तर देऊं नये, असा संकेत घालून दिला. वर्दीची व्यवस्था लावणारानें ही खूण आपल्या पत्रांवर आहे ना, हें अगोदर पाहावें.

ह्यानंतरचा टप्पा बगझिलाचा. नेटस्केप कंपनीनें १९९८ सालच्या ३१ मार्च रोजीं आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली केली, आणि त्याच कामासाठीं मोझिल्ला ही संघटना उभी राहिली. कंपनीच्या भिंतींआड चालणारें काम आतां चव्हाट्यावर चालूं लागलें. त्यासाठीं टेरी वाइसमन ह्यानें बगझिला ही दोषवही प्रथम टीसीएल आणि मग पर्ल ह्या भाषेंत लिहिली. डेबियनमध्यें प्रश्न होता तो वर्दी पोंचण्याचा. येथें प्रश्न उलटला. तक्रारी करणारे असंख्य, त्यांवर बोलणारे त्याहून असंख्य. मग प्रत्येक हालचालीची वर्दी प्रत्येकाला गेली तर काम करावयाचें केव्हां? ‘लांडगा आला रे आला’ ह्या गोष्टींतील मुलगा खोटें बोलत होता. पण रोज शंभर वेळां खरें बोलणाराकडेही गांव अखेर कान बंद करतें.

ह्या प्रश्नाला बगझिलानें दिलेलें उत्तर म्हणजेच आपलें तें कोष्टक. एका बाजूला माणसाचीं नातीं: तक्रार करणारा, काम अंगावर असलेला, दुरुस्तीची पारख करणारा, आणि नुसती प्रत मागून घेतलेला. दुसऱ्या बाजूला घटना: नवी तक्रार आली, कोणी अभिप्राय लिहिला, तक्रारीची स्थिति बदलली, ती मिटली किंवा पुन्हा उघडली. जेथें नातें आणि घटना मिळतात त्या घरांत ज्यानें त्यानें आपली खूण करावयाची. शिवाय, जो बदल मीच केला त्याची वर्दी मला नको, असेंही सांगतां येतें. ही सोय किरकोळ दिसते. पण दिवसांतून पन्नास नोंदी करणारास आपलाच आवाज पन्नास वेळां ऐकावा लागूं नये, एवढी माणुसकी तींत आहे. कोणी रजेवर गेला, तर त्याच्या सर्व वर्द्या आपल्याकडेही याव्यात अशी ‘वॉच’ नांवाची व्यवस्था सहकाऱ्याला करतां येते. आणि सात दिवस झाले तरी एखाद्या नव्या तक्रारीला कोणी हात लावला नाहीं, तर जबाबदार माणसाकडे तसें पत्र जाऊं लागतें. इंग्रजींत त्याला ‘व्हाइन’ म्हणतात, म्हणजे आपली भुणभुण. दिवसांची संख्या बदलतां येते. पण मूळ कर्त्यांनीं ती सात ठेवली होती. आजवर जें सांगितलें तें कांहीं घडल्याची वर्दी देणारें; ही मात्र कांहींच न घडल्याची वर्दी आहे, आणि तक्रारदाराला खरी गरज बहुधा हिचीच असते.

पुढच्या दोषवह्यांनीं हेंच तत्त्व आपापल्या परीनें चालविलें. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील अटलॅशियन कंपनीनें जिरा ही वही बाजारांत आणली. तिचे कर्ते पूर्वीं बगझिला वापरीत आणि थट्टेनें तिला ‘गोजिरा’ म्हणत. जपानी चित्रपटांतील त्या अक्राळविक्राळ प्राण्याचें नांव अर्धें कापून नव्या वहीला मिळालें. २००४ सालीं स्वीडनमधील एजवॉल ह्या संस्थेनें ट्रॅक ही लहान, सुटसुटीत वही काढली. तिचा एक विशेष असा कीं, नव्यानें मांडली असतां ती मुकी असते. टपाल नेणाऱ्या यंत्राचा पत्ता देऊन व्यवस्थापकानें स्पष्ट आज्ञा करीपर्यंत ती एकही पत्र पाठवीत नाहीं. आरंभींच्या आवृत्त्यांत तर, ती बोलूं लागल्यावरही, काम अंगावर असलेल्यास आणि मूळ तक्रारदारास दर वेळीं कळवावयाचें असेल, तर त्यासाठीं आणखी दोन खुणा कराव्या लागत. ह्या खुणा करावयाच्या राहिल्या, तर वही नीट चालूं आहे असें व्यवस्थापकास वाटावें, तक्रार नोंदली गेली असें तक्रारदारास वाटावें, आणि ज्यानें दोष दूर करावयाचा त्याला मात्र कांहींच कळूं नये! कोणाचा खोटेपणा नाहीं, कोणाचा आळस नाहीं. केवळ एक खूण राहिली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेथें वर्दी पत्त्यावर जाते, तेथें पत्ता हीच माणसाची ओळख होऊन बसते. २०१४ सालीं बगझिलांत असा एक दोष उघडकीस आला कीं, जो ईमेल-पत्ता आपला नाहीं त्या पत्त्यावरही नवें खातें उघडतां येत असे. पत्त्यावरून अधिकार देण्याची प्रथा असल्यामुळें, घरच्या माणसाचें सोंग घेऊन आंत शिरण्याची वाट त्यानें मोकळी होत होती. गुप्त ठेवलेल्या तक्रारी, म्हणजे ज्यांचा चोरांना उपयोग होईल अशा दोषांच्या नोंदी, अशा वाटेनें बाहेर जाऊं शकल्या असत्या. ऑक्टोबर महिन्यांत ती वाट बंद करण्यांत आली. तेव्हां वर्दी कोणास द्यावी, ह्याच्या बरोबरीनें ती कोणास देऊं नये, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

हा इतिहास पाहिल्यावर आजच्या कोष्टकासमोर बसणारानें काय करावें, हें फारसें अवघड राहत नाहीं. काम ज्याच्या अंगावर आहे त्याला नव्या तक्रारीची वर्दी न चुकतां जावी. तक्रारदाराला पोंच जावी, आणि तक्रार मिटली तर कारणासह कळावें. बाकीच्यांनीं आपल्या इच्छेनें यावें आणि इच्छेनें जावें. यंत्राच्या पत्रावर यंत्राची खूण असावी. कोणीच हात न लावलेल्या नोंदींची आठवण ठराविक दिवसांनीं निघावी. आणि सर्व लावून झाल्यावर एक खोटी तक्रार नोंदवून ती खरोखर कोणाच्या दारीं पोंचते, हें स्वतः पाहावें.

कारण वर्द्यांचा अतिरेक झाला म्हणजे लोक भांडत नाहींत; ते निमूटपणें एक नियम करून ठेवतात, आणि दोषवहीचीं सारीं पत्रें आपोआप एका निराळ्या कप्प्यांत जाऊन पडूं लागतात. तो कप्पा उघडण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. म्हणजे तारा, यंत्रें, नियम आणि कोष्टकें ह्या सर्वांतून प्रवास करून आपण पुन्हा त्याच न उघडलेल्या तक्रारवहीपाशीं येतों, आणि दूर कोठेंतरी बसलेला एक अनोळखी मनुष्य आपल्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत राहतो.