चव्वेचाळीस हजार शंभर

सोलापूरच्या घरी जुन्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. १९९१ साली मावशीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या तीत आहेत. मावशी आता नाही, आणि फितीवरचा ऑक्साइडचा थर सुटू लागला होता; ती आणखी किती वेळा वाजेल याची खात्री नव्हती. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, ध्वनिमुद्रणाची आज्ञावली सुरू केली, आणि पडद्यावर सूचना आली : ध्वनियंत्र उघडता येत नाही, नमुन्यांचा दर तपासा. यंत्र बिघडले नव्हते. आज्ञावली ४४,१०० मागत होती, लॅपटॉप ४८,००० वर चालत होता. हे दोन आकडे आले कोठून?

संगणक आवाज सलग साठवत नाही. ठरावीक अंतराने लहरीची उंची मोजतो. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. एखाद्या कंपनसंख्येचा ध्वनी पकडायचा तर तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला हवेत, हे हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कामातून स्पष्ट झाले. माणसाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. म्हणजे ४०,०००च्या थोडे वर पुरे. मग नेमके ४४,१०० का?

याचे उत्तर दूरचित्रवाणीत आहे. १६ बिटांचा नमुना आणि दोन वाहिन्या धरल्या, तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. १९७०च्या दशकात एवढा मजकूर सोयीने साठवू शकणारे यंत्र म्हणजे व्हिडिओ टेपरेकॉर्डर. म्हणून आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे ‘चित्र’ करून व्हिडिओ फितीवर उतरवले जात. एका रेषेत तीन नमुने बसत. आपल्या दूरदर्शनची पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला ५० अर्धचित्रांची होती. अशा अर्धचित्रातल्या २९४ रेषा वापरल्या तर २९४ × ५० × ३ = ४४,१००. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ × ६० × ३, पुन्हा तेच! वर्गात हा गुणाकार फळ्यावर करून पाहावा. मुलांना तो जादूसारखा वाटतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने हाच आकडा उचलला.

प्रसारण आणि चित्रपटवाल्यांनी मात्र ४८,००० धरला. त्याला २४ आणि २५ या दोन्ही चित्रवेगांनी पूर्ण भाग जातो. ४४,१०० ला २४ ने जात नाही. १९९७ साली इंटेलने संगणकातल्या ध्वनीसाठी ‘एसी ९७’ हे मानक काढले, त्याचाही मूळ दर ४८,०००. संगणकांत तो रुळला.

दोन आज्ञावल्यांचे आवाज एकाच वेळी ऐकवायचे तर दोन्ही एका दराने मिसळावे लागतात. वेगळ्या फणीची दोन कापडे एका मागावर एकदम विणता येत नाहीत, तसेच हे. विंडोजचा जुना मार्ग दर आपोआप बदलून घेत असे; व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये आलेला नवा मार्ग बहुधा जुळणारा दरच मागतो. मला हा हट्ट बरा वाटतो. ४४,१०० चे नमुने चुकून ४८,००० च्या वेगाने वाजले, तर मावशीचा आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढला असता.

आज्ञावली बंद केली, लॅपटॉपच्या ध्वनियोजनेतला दर पाहिला, आज्ञावलीतही ४८,००० लिहून ती पुन्हा उघडली. सूचना गेली, पण आवाज येईना. २०१८ पासून विंडोज १० मध्ये अशा आज्ञावल्यांनाही ध्वनी आत घ्यायला वेगळी परवानगी लागते. ती बंद होती.

मुद्रण झाल्यावर कंपनसंख्यांचा आलेख काढला. वीजपुरवठ्याची बारीक घूं नेमकी ५० हर्ट्झवर उभी होती. दर चुकला असता, तर ती ५४.४ वर दिसली असती. त्या घूंवर जात्याची घरघर, आणि तिसऱ्या ओवीच्या मध्येच गिरणीचा भोंगा. मावशी थांबलेली नाही.