रुखवत : घरच्या हातांचे प्रदर्शन

महाराष्ट्रातील विवाहसंस्थेचा विचार करताना मंत्र, मुहूर्त, मानपान आणि हुंडा यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी रुखवताची झाली नाही. वस्तुतः घरातील स्त्रियांनी आपल्या हातांनी केलेले काम चारचौघांसमोर मांडले जावे, ते निरखले जावे आणि करणारीच्या नावानिशी त्याचे कौतुक व्हावे, अशी संधी जुन्या मराठी समाजात रुखवताइतकी ठळकपणे क्वचितच मिळत असे. रुखवत म्हणजे वधूपक्षाने वरपक्षासाठी सिद्ध केलेले फराळाचे जिन्नस व हातकामाच्या वस्तू. त्याचे जुने रूप प्रामुख्याने खाद्यपदार्थांचे होते. वऱ्हाड ज्या घरी उतरे त्या जानवशावर, वर मंडपाकडे निघण्यापूर्वी, वधूकडील सुवासिनी वाजतगाजत लाडू, करंज्या, चिरोटे, शेवया असे पदार्थ घेऊन जात आणि नवरदेवाला फराळ करवीत. प्रांताप्रमाणे आणि जातीप्रमाणे यात पुष्कळ फरक पडे. ज्यांच्या घरी दोन वेळच्या अन्नाचीच भ्रांत असे, त्यांचे रुखवत अर्थातच एखाद्या शिबड्यात मावण्याइतके असे.

या खाद्यपदार्थांतही कारागिरीचा खरा कस लागे तो वळवटात. वळवट म्हणजे गव्हाचा रवा किंवा पीठ घट्ट भिजवून, चांगले तिंबून, बोटांनी वळलेले खिरीचे बारीक प्रकार. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत गव्हाच्या दाण्याएवढा आकार वळला की तो गव्हला होई, नखाने दाबून वाकवलेल्या तुकड्याला नखुली म्हणत, आणि यांच्याच जोडीला मालत्या, बोटव्या असे आणखी प्रकार असत. विदर्भात काडीभोवती गुंडाळून केलेल्या सरगुंड्यांना विशेष मान होता. एका खिरीपुरते गव्हले करायचे तरी दुपारच्या दुपारी खर्ची पडत, त्यामुळे हे काम एकटीने करण्याचे नव्हतेच. शेजारणी, जावा, नणंदा, गावातील वडीलधाऱ्या बायका परातीभोवती बसत. कोणाचा दाणा एकसारखा उतरतो, कोणाचा जाडा होतो, हे सगळ्यांना दिसे आणि नवशिकी मुलगी कोणी मुद्दाम न शिकवताही हात पाहून शिके. लग्नघरी सांडगे-पापडांचा मुहूर्त सुवासिनींच्या हातून करण्याची रीत होती, म्हणजे या श्रमाचा आरंभसुद्धा सामुदायिक असे आणि त्याला विधीचे स्थान होते. आज एका घरी गेलेली बाई उद्या तिच्या घरच्या कार्याला त्याच घरच्या बायकांची वाट पाही. ही परतफेड कोणी वहीत मांडून ठेवत नसे, पण ती चुकली तर गावाच्या ध्यानात राही. रुखवताच्या देवाणघेवाणीत वस्तूंइतकाच वाटा या उसन्या दिलेल्या दुपारींचा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या प्रथेतील आनंद नीट कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात या मांडणीत हळूहळू नव्या कारागिरीची भर पडू लागली आणि त्यात मुलींच्या शाळांचा वाटा मोठा होता. अमेरिकन मराठी मिशनने 1824 साली मुंबईत मुलींची शाळा काढली. मिशनच्या शाळांतून लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम शिकवले जाई. पुढे पुण्यात 1884 साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली आणि 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभे राहिले, जेथे शिवण व हस्तव्यवसायांचे शिक्षण प्रौढ स्त्रियांनाही मिळू लागले. शाळेत शिकलेला टाका घरी आला आणि घरून रुखवतात गेला. एका आकडीदार सुईने सूत गुंफण्याची क्रोशाची कला, मॅटी नावाच्या जाळीदार कापडावर धागे मोजून घातलेले फुलीचे टाके, काचमण्यांची तोरणे, लोकरीचे रुमाल अशा वस्तू विसाव्या शतकात रुखवताच्या टेबलावर दिसू लागल्या. त्यांच्या शेजारी जुन्या वस्तूही टिकून राहिल्या: देवासाठी कापसाची वस्त्रे, फुलवाती, सजवलेले नारळ, खडीसाखरेचे तुळशीवृंदावन. रुखवत दाखवताना उखाणा घेण्याची, म्हणजे पतीचे नाव यमकात गुंफण्याची, चालही याच मांडणीशी जोडलेली होती.

या वस्तू वधूबरोबर सासरी जात आणि तेथे त्यांचा दुसरा प्रवास सुरू होई. नवीन सुनेने आणलेला क्रोशाचा रुमाल सासरच्या मुली उलटसुलट करून पाहत, टाके मोजत, दोन-चार ओळी विणून नमुना उतरवून घेत, आणि मग तोच नमुना त्यांच्या रुखवतातून तिसऱ्या गावी जाई. छापील नमुन्यांची पुस्तके थोड्याच घरांपर्यंत पोचत असताना विणीचा आणि भरतकामाचा प्रसार असा लग्नांच्या वाटेने झाला. पुरुषांच्या कारागिरीला पेठ होती आणि बलुत्याचा हक्क होता. स्त्रियांच्या घरगुती कारागिरीला सोयरिकीचे हे जाळे होते, आणि ते कमी प्रतीचे मानण्याचे काही कारण नाही.

रुखवताला उतरती कळा लागली ती दोन बाजूंनी. हातच्या वस्तूंबरोबर भांडी, कपाटे आणि पुढे घरगुती यंत्रे मांडली जाऊ लागली, तेव्हा कौतुकाची जागा हिशेबाने घेतली आणि रुखवत व हुंडा यांतील सीमारेषा पुसट झाली. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरवला, आणि विवाहप्रसंगी मागणीशिवाय दिलेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम 1985 साली आले; पण खणाचा रुमाल आणि पलंग एकाच टेबलाशी मांडलेले असताना स्वेच्छा कोठे संपते आणि दडपण कोठे सुरू होते हे यादीवरून उमगत नाही. वधूपित्यांनी या नावाखाली सोसलेला भार खरा होता आणि त्या अंगाने रुखवतावर झालेली टीका पूर्णतः रास्त आहे. दुसरीकडे, नोकरी आणि शिक्षण यांमुळे मुलींना व त्यांच्या आयांना दुपारी मोकळ्या राहिल्या नाहीत; शहरांतून तयार रुखवत विकत आणि भाड्यानेही मिळू लागले. भाड्याच्या रुखवतात मांडणी राहिली, पण करणारीचे नाव गेले.

जुन्या घरगुती वस्तूंपैकी धातूच्या आणि लाकडाच्या वस्तूंना जाणकार संग्राहक लाभले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहिले की मराठी घरातील सौंदर्यदृष्टी किती तरबेज होती हे कळते. कणीक आणि सूत मात्र टिकाऊ नव्हते. गव्हले खिरीत संपले, रुमाल धुऊन धुऊन विरले. अजूनही अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी आजीच्या किंवा पणजीच्या हातचा मॅटीचा एखादा तुकडा, काचमण्यांचे एखादे तोरण पडून असते. ते टाकून देण्यापूर्वी घरातील वृद्ध स्त्रीला विचारून, ते कोणी केले, कोणत्या साली, कोणाच्या लग्नासाठी आणि नमुना कोणाकडून आला, एवढे चार शब्द चिठ्ठीवर लिहून त्याला जोडून ठेवावेत. स्त्रियांच्या हातकामाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला अशा चिठ्ठ्यांखेरीज दुसरे साधन फारसे मिळणार नाही.