ओळखा पाहू, पहिल्या पायदानावर कोण?

मंडळी, परदेशात म्हणे रेकॉर्ड क्लब असतात. वर्गणी भरली की दर महिन्याला एक तबकडी घरपोच येते. कधी कधी पुढच्या तबकडीचे नाव मुद्दाम गुप्त ठेवतात, नुसत्या एक-दोन खाणाखुणा सांगतात, आणि संग्राहक तर्क लढवत बसतात. मग ती पंकच्या आधीच्या काळातली धांगडधिंग्याची रॉक तबकडी असो की जुना जाझ. आमच्या घरातल्या तरुण मंडळींना याचे मोठे नवल वाटले. मला काही वाटले नाही. आमच्या पिढीने हा खेळ पुष्कळ खेळला आहे, आणि तोही घरात एकसुद्धा तबकडी नसताना!

खरे तर 'ओळखा पाहू' हा प्रकार आपल्याकडे तबकडीबरोबरच आला. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या छापायची सोय इथे नव्हती, म्हणून मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे ना गाणे. म्हणून गौहरजान गाणे संपता संपता आपले नाव इंग्रजीत सांगून टाकी. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि हा प्रवास थांबला.

आता आपल्या खेळाकडे येऊ. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे चाहते. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत. त्यात चित्रपट निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ नाहीसे झाले. लोकांनी काय करावे? त्यांनी काटा फिरवला आणि थेट सिलोन लावले.

रेडिओ सिलोनचे लघुलहरी प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत खाली येतात, म्हणून कोलंबोहून सुटलेला आवाज आमच्या जिल्ह्यात पोचे. २५ आणि ४१ मीटर हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. आवाज कधी जवळ येई, कधी विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा वाटे.

३ डिसेंबर १९५२ रोजी या केंद्रावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय अजून वीसही पूर्ण नव्हते. कार्यक्रम मुंबईत मुद्रित होई आणि फीत विमानाने कोलंबोला जाई. सुरुवातीला ती एक स्पर्धाच होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. सात गाणी कशीही उलटसुलट वाजवायची, त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, आणि बक्षीस शंभर रुपये! पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आली. वर्षभरात ती आठवड्याला ६० हजारांच्या वर गेली. एवढी उत्तरे तपासणार कोण? म्हणून १९५४ च्या अखेरीस स्पर्धा गुंडाळली आणि लोकप्रियतेप्रमाणे गाण्यांची उतरंड सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ ते नऊ. शेवटच्या पायदानापासून सुरुवात, आणि बिगुल वाजला की पहिले पायदान. डिसेंबरच्या अखेरीस वर्षभराचा हिशेब.

बक्षीस गेले, तरी ओळखण्याचा नाद सुटला नाही. मी ऐकू लागलो ती साठची दशकाची वर्षे. वहीच्या मागच्या पानावर १ ते १६ आकडे घालून मंगळवारीच यादी तयार. हॉटेलातल्या रेडिओसमोर बुधवारी गर्दी, आणि ज्याचे पहिले पायदान बरोबर त्याचा चहा दुसऱ्याच्या पैशाने. उत्तर तर आधीच फितीवर मुद्रित होऊन कोलंबोला जाऊन बसलेले असे, तरी आम्ही आठ वाजेपर्यंत तावातावाने भांडत असू.

आमच्या उस्मानाबादचे (आता धाराशिव) एक वेगळेपणही होते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, शाळाही उर्दूत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना सयानींची हिंदुस्थानी बोली परकी नव्हती. आम्ही मुले मराठी शाळेत शिकत होतो. एखादा शब्द अडला की वडील अर्थ सांगत. सिनेमाच्या गाण्यांवर नाराज असलेले वडीलसुद्धा तेवढ्यासाठी रेडिओजवळ बसत!

ही उतरंड लावत कशी? मोठ्या शहरांतल्या दुकानांतून तबकड्यांच्या विक्रीचे आकडे येत आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रे येत. मला यातली मेख फार पुढे कळली. विक्रीच्या आकड्यात आम्ही नव्हतोच. तबकडी घ्यायची तर सोलापूर गाठावे लागे, आणि घरी ग्रामोफोन कुठे होता? पण पोस्टकार्ड कुणालाही परवडे. बिहारमधले (आता झारखंडमधले) झुमरी तिलैया हे गाव अशा पत्रांमुळेच देशभर माहीत झाले. तबकडी ज्याची त्याच्याच आवडीला मोल, असे या उतरंडीत पूर्णपणे झाले नाही, ते या पत्रांमुळे.

१९५७ चे उदाहरण घ्या. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' असे दिग्गज त्या वर्षीचे. कुणीही पैज लावली असती ती यांच्यावर. वर्षाअखेर पहिले आले ते 'जनम जनम के फेरे' या साध्या चित्रपटातले, एस. एन. त्रिपाठींनी स्वरबद्ध केलेले, रफी-लताचे द्वंद्वगीत. हे कळल्यावर भल्याभल्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली असतील! त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. लोकांची आवड मंत्र्यांनाही ओळखावी लागली, म्हणायचे.

आपल्या मराठीत याच काळात उलटा खेळ रंगला होता. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर दर आठवड्याला गीतरामायणातले एक नवे गाणे येई. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. कथा तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पुढचे गाणे कुणाच्या तोंडी असेल, माणिक वर्मा गातील की वसंतराव देशपांडे, हे कुणालाच माहीत नसे. गीतमालेत गाणी माहीत, क्रमांक गुप्त. इथे क्रम माहीत, गाणे गुप्त! अधिक महिन्यामुळे ५२ च्या जागी ५६ गाणी झाली, म्हणजे उत्सुकतेचे चार आठवडे वाढवूनच मिळाले.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे, की उत्तर चुकले तरी चालेल, आधी अंदाज करा. गीतमालेने मला त्याहून थोडे अधिक शिकवले. पहिले पायदान ओळखायचे तर 'मला काय आवडते' हा विचार बाजूला ठेवावा लागे. रांचीकडच्या खाणकामगाराला काय आवडले असेल, मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला काय, याचा विचार करावा लागे. नकाशात न पाहिलेल्या गावांच्या मनात डोकवावे लागे. नुकत्याच नव्या राज्यात आलेल्या आमच्यासारख्या मुलांना देश असाही कळत गेला. आज मोबाइलवर एखादे गाणे किती लाख लोकांनी ऐकले हे क्षणात दिसते. माहिती मिळते, पण दुसऱ्याच्या आवडीचा विचार करायची गरज उरत नाही.

गीतमाला १९८९ मध्ये सिलोन सोडून विविध भारतीवर आली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. १९९० पासून मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना एकत्र आणत आली आहे. लेबल झिजले तरी त्याच्याजवळ कोरलेल्या क्रमांकावरून जाणकार तबकडी ओळखतात.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर किंवा आजोळच्या ट्रंकेत लाखेच्या जुन्या तबकड्या असतील, तर नाव दिसत नाही म्हणून भंगारात देऊ नका. त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका, तडकतात. वाजवून ऐकण्याची सोय झाली तर मलाही बोलवा. कोण गाते आहे ते ओळखायला एक जण वाढेल.