द्राक्षमद्याचे नाव आणि देश : पिरंगुटच्या निमित्ताने

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष-प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ ही संज्ञा असून, ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हे त्याचे भेद उत्पत्तिस्थानावरून पडलेले आहेत. पाणिनीने ‘कापिशी’ या नगरनामापासून ‘कापिशायन’ हे रूप साधण्यासाठी स्वतंत्र सूत्र (4.2.99) रचले. ही कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर होय. मद्यास देशनामाने ओळखण्याची ही रीत पाहता असा प्रश्न उपस्थित होतो की, पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात असलेल्या पिरंगुटचे नाव एखाद्या सेंद्रिय तांबड्या द्राक्षमद्यास लाभू शकेल काय?

उत्तम तांबड्या मद्यासाठी फळ सावकाश व थंड हवेत पिकावे लागते. युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल निद्रिस्त होते. महाराष्ट्रात तशी होत नाही. म्हणून येथील बागाईतदार वर्षातून दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ व ऑक्टोबरच्या सुमारास ‘फळछाटणी’. दुसरीनंतर आलेले फळ थंडीत वाढून बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरते. थोडक्यात, येथे थंडी पंचांगातून मिळवावी लागते. परंतु या दोन छाटण्यांच्या मध्ये पावसाळा येतो. पुढील हंगामाची काडी याच काळात तयार होत असल्यामुळे ‘केवडा’ व ‘करपा’ यांचा उपद्रव झाल्यास नुकसान दूरवर पोहोचते. सह्याद्रीलगतच्या मुळशीत पाऊस विपुल. तेथे भाताचे, विशेषतः आंबेमोहोराचे, नाव झाले. द्राक्षबागा मात्र पर्जन्यछायेकडे सरकल्या.

आधुनिक इतिहास याच भूगोलास अनुसरतो. शामराव चौगुले यांनी 1980 नंतरच्या दशकात फेसाळ मद्याचा उद्योग उभारला तो जुन्नर तालुक्यातील नारायणगावी. 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरास विशेष चालना मिळाली. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. कापिशायनाची रीत अशा प्रकारे कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरली.

सेंद्रिय पद्धतीने ही अडचण अधिक तीव्र होते. मोरचूद व चुना यांचे ‘बोर्डो मिश्रण’ फ्रान्समध्ये 1880 नंतरच्या दशकात प्रचारात आले. सेंद्रिय शेतीत ते मर्यादित प्रमाणात चालते. तथापि जोराच्या पावसात फवारा धुऊन जातो, आणि वारंवार फवारल्यास जमिनीत तांबे साठते. शिवाय तांबडे मद्य सालीसह आंबविले जात असल्याने सालीचे आरोग्य विशेष महत्त्वाचे ठरते.

या ठिकाणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘एआरआय-516’ हे वाण लक्षणीय आहे. अमेरिकी वंशाच्या ‘कॅटावबा’ व ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून निघालेले हे वाण बुरशीजन्य रोगांना बऱ्याच अंशी दाद देत नाही, आणि रस व तांबडे मद्य यांस उपयोगी पडते. मुळशीच्या पावसात ते कितपत टिकेल, हे प्रत्यक्ष लागवडीनेच ठरेल. देशाचे नाव मद्यास चिकटते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या पिकामुळे. पिरंगुटच्या बाबतीत वेलीने प्रथम एक पावसाळा निभावला पाहिजे.