सॅव्हिल, जिमी
(३१ ऑक्टोबर १९२६ – २९ ऑक्टोबर २०११). ब्रिटिश निवेदक व डिस्क जॉकी. मृत्यूनंतर उघडकीस आलेला लैंगिक गुन्हेगार. जन्म लीड्स येथे. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’चा पहिला भाग त्याने १९६४ मध्ये सादर केला. ‘जिम’ल फिक्स इट’मुळे (१९७५–९४) मुलांच्या इच्छा पुरवणारा म्हणून तो घरोघरी पोहोचला. १९९० मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. रुग्णालयांसाठी त्याने मोठा निधी उभारला आणि त्याच पुण्याईवर स्टोक मँडेव्हिलसारख्या रुग्णालयांत त्याला मोकळे रान मिळाले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आयटीव्हीच्या माहितीपटानंतर शेकडो पीडित पुढे आले. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद आहे. पीडितांत बहुसंख्य अल्पवयीन होते.

त्याच्या स्मृतीचे काय करायचे, हा प्रश्न स्कारबरोच्या दफनभूमीत तातडीने सुटला. कुटुंबीयांच्या इच्छेने त्याच्या थडग्यावरील भलीमोठी शिळा रातोरात उतरवून नष्ट करण्यात आली. ध्वनिचित्रफितींचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. तो निवेदक असलेले ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे भाग बीबीसीने पुनःप्रसारणातून वगळले, त्यांतील निरपराध गायकांची गाणीही त्यांबरोबर गेली. ही किंमत मोजणे रास्तच होते. मात्र त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थांचा हिशेब फिती वगळून चुकता होत नाही. बीबीसीतील भीतीचे वातावरण न्या. जॅनेट स्मिथ यांच्या २०१६ च्या अहवालाने उघड केले. किताब धारकाच्या मृत्यूबरोबरच संपत असल्याने तो काढून घेता आला नाही.