मोक्षपट ते संगणकीय अवतार : खेळाडू व पात्र यांच्यातील तादात्म्याचा इतिहास

प्रस्तावना :
सापशिडीत सोंगटी सापाच्या तोंडी गेली की मूल ‘मला सापाने गिळले’ असे म्हणते. व्हिडिओ गेममधील पात्र कोसळले की महाविद्यालयीन विद्यार्थीही ‘मी मेलो’ असेच उद्गारतो. या प्रथमपुरुषी एकवचनाचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सापशिडीचे मूळ रूप असलेल्या मोक्षपटाचे कर्तृत्व महाराष्ट्रात परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. त्यांचे ज्येष्ठ बंधू व गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे असल्याने या परंपरेविषयी येथे विशेष आत्मीयता आहे. तथापि या कर्तृत्वास समकालीन पुरावा नाही. उपलब्ध पट बहुतांशी अठराव्या शतकातील व त्यानंतरचे आहेत. वैष्णव पटांत सामान्यतः ७२, तर जैन पटांत ८४ घरे आढळतात. शिडीच्या घरावर सद्गुणाचे व सापाच्या घरावर दुर्गुणाचे नाव असे. सोंगटी म्हणजे खेळणाऱ्याचाच जीव आणि अंतिम घर म्हणजे मोक्ष, अशी ही योजना होती.

तादात्म्याचे स्वरूप :
पात्रावरील नियंत्रणामुळे तादात्म्य निर्माण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मोक्षपट या मताला छेद देतो. तेथे चाल कवड्या ठरवितात, खेळाडूला निवड नसते. तरीही तो सोंगटीस ‘मी’ म्हणतो. म्हणजे तादात्म्याचे मूळ केवळ नियंत्रणात नसून परिणाम स्वतःवर ओढवून घेण्यात आहे.

१९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ या संगणकीय खेळात खेळाडूस प्रारंभीच नैतिक पेचाचे प्रश्न विचारले गेले. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणे हे त्याचे ध्येय होते. देवाच्या पृथ्वीवरील अवतरणाचा वाचक असलेला हा संस्कृत शब्द पुढे पडद्यावरील खेळाडूच्या रूपासाठी रूढ झाला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या खेळात खेळाडू हरवलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी होतो. तेथे तादात्म्य लिंगभेदाची मर्यादाही ओलांडते.

निष्कर्ष :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पट इंग्लंडमध्ये रुजला. तेथे मोक्षाचे ध्येय गळाले, पुढे गुणदोषांची नावेही पुसट होत गेली आणि उरली ती केवळ शर्यत. ‘मी’ मात्र कायम राहिला. म्हणूनच विद्यार्थी पात्राशी एकरूप होतो, एवढ्यानेच शिक्षकाने चिंतित होण्याचे कारण नाही. तो कोणत्या घरात पडला, का पडला आणि त्या पडण्याला पटावर काही नाव आहे की नाही, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे. मोक्षपटाने ते नाव लिहून ठेवले होते.