दूध न सोसणाऱ्यांचा इतिहास

गणेशोत्सवाचे दहा दिवस म्हणजे आपल्या घरांतून दुधाचे दिवस. पूजेला पंचामृत, आरतीनंतर पेढे, पंगतीला बासुंदी. अशा वेळी घरातले एखादे माणूस ‘मला दूध सोसत नाही’ म्हणून वाटी बाजूला सारते आणि त्याला ‘नखरे पुरेत’ असे ऐकावे लागते. या माणसाची बाजू इतिहासाच्या आधारे मांडावी, असे आम्हाला फार दिवसांपासून वाटत होते. आम्ही वैद्य नाही. इतिहास वाचण्याची आवड आहे, एवढेच.

दूध न सोसणे ही आजकालची तक्रार नव्हे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथात असे निरीक्षण आहे की, चीज पोटभर खाऊनही काहींना बाधत नाही आणि काहींना मात्र त्रास होतो. आपल्याकडे चरकसंहितेने ‘सात्म्य’ ही कल्पना मांडली. ज्याला जे सवयीने व प्रकृतीने मानवते, ते त्याला सात्म्य. त्याच ग्रंथात ग्रहणीच्या विकारात ताकाला मोठा मान आहे. अनुभवाने हे कळले होते, कारण मात्र ठाऊक नव्हते.

कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यावर बहुतेकांत हळूहळू कमी होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोट फुगणे, कळा, जुलाब सुरू होतात. १९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील डॉक्टरांनी निरोगी प्रौढांची तपासणी केली. कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्यांत लॅक्टेज कमी निघाले, गोऱ्यांपैकी थोड्यांतच. तोवर पाश्चात्त्य वैद्यक गोऱ्या माणसाचे पोट हेच प्रमाण मानत होते. पुढे देशोदेशी तपासण्या झाल्या आणि चित्र उलटे झाले. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत हे पाचकद्रव्य कमी होते. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे हाच माणसाचा सर्वसाधारण स्वभाव; पचणे हा अपवाद.

हा अपवाद आला कुठून? गेल्या दहा हजार वर्षांत माणसाने गुरे पाळली, आणि काही पशुपालक समाजांत लॅक्टेज आयुष्यभर टिकवणारा जनुकीय बदल पसरला. २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी तो बदल शोधून काढला. यापुढची गोष्ट आपल्या हैदराबादशी जोडलेली आहे. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून १९७२ सालीच भारतीयांमधील लॅक्टेजच्या कमतरतेवर निबंध प्रसिद्ध झाला होता. १९८१ च्या एका पाहणीत दिल्लीकडील सुमारे २७ टक्के, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरीकडील सुमारे ६७ टक्के लोकांना दुधातील साखर पचत नसल्याचे दिसले. २०११ साली हब्सीगुड्याच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला अभ्यास आला. युरोपातला तोच बदल भारतातही आहे आणि वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना त्याचे प्रमाण घटत जाते, असे त्यात आढळले. आपण दख्खनची माणसे त्या वाटेच्या अधेमधे कुठेतरी येतो. म्हणून एकाच घरात एक भाऊ तांब्याभर दूध पितो आणि दुसऱ्याला पेलाभरही जड जाते.

यावर आपल्या स्वयंपाकघराने फार पूर्वीच उपाय काढला होता. विरजण लागले की त्यातले जिवाणू दुधातील बरीच साखर आंबवून टाकतात. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-ताक बहुधा चालते. चक्का टांगला की उरलेल्या साखरेपैकी पुष्कळशी पाण्याबरोबर निघून जाते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. उलट बासुंदी आणि खवा म्हणजे आटवलेले दूध, साखरही आटून दाट झालेली. १९५६ पर्यंत मराठवाडा याच हैदराबाद राज्यात होता. तिकडून आलेल्या आपल्या घरांनी कढी आणि मठ्ठा आणला, इथे त्याला मज्जिग आणि दहीभाताची जोड मिळाली.

मात्र येथे एक भेद नीट ध्यानात ठेवायला हवा. दुधाची ॲलर्जी ही निराळीच गोष्ट आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. तिच्यामागची ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी शोधली. येथे तक्रार साखरेची नसून दुधातील प्रथिनांची असते आणि बिघाड पचनाचा नसून शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा असतो. बहुधा लहान मुलांत ती दिसते आणि पुष्कळांची पुढे जाते. पण असते तोवर दही, ताक, पनीर, शेळीचे दूध, काहीच सुरक्षित धरता येत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा. ज्याचे पोट दुखते त्याला ताक द्यावे. ज्याला ॲलर्जी आहे त्याला ‘देवाचा प्रसाद आहे, थोडा घे’ म्हणून आग्रह करणे जिवावर बेतू शकते.

प्रसाद वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना म्हणून आमची एक विनंती. पेढ्यांच्या ताटाशेजारी दूध नसलेल्या प्रसादाचे ताट वेगळे ठेवावे, त्याचा चमचाही वेगळा असावा, आणि कशात काय आहे ते पाटीवर लिहावे. त्यासाठी नवे काही शोधायला नको. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर, खिसमिस यांची खिरापत आपल्या आजी-पणजी बाप्पापुढे ठेवीतच आल्या आहेत. तिच्यात दुधाचा थेंबही नसतो आणि ती सर्वांच्या हातावर ठेवता येते.